मधला आवाज, बाजूचा आवाज

हेडफोन लावा आणि अलीकडचं कुठलंही गाणं सुरू करा. गाणाऱ्याचा आवाज कपाळाच्या मधोमध ऐकू येईल. ढोलाचा ठोका आणि बासही तिथेच असतील. गिटार, व्हायोलिनं, कोरस, टाळ्या आणि गाण्याभोवतीची ती मोकळी हवा मात्र दोन्ही कानांच्या बाहेर पसरलेली असेल. आता फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा, 'मोनो ऑडिओ' नावाचं बटण शोधा आणि चालू करा. गाणं तेच राहील, पण पसारा आवरल्यासारखं सगळं मधोमध येऊन बसेल. काही वाद्यं मागे सरकतील. एखादं कदाचित ऐकूच येणार नाही.

जे मागे सरकलं किंवा गायब झालं, त्याच्याबद्दल हा लेख आहे. ते बाजूला का ठेवलं होतं, ही सोय कुठून आली, आणि ते कुणाला ऐकू येतं, कुणाला नाही, याबद्दल.

मी वाशीममध्ये गाणी मिक्स करतो. भजनं, भीमगीतं, लग्नाची गाणी, बंजारा लेंगी, जे येईल ते. एक लहान खोली, दोन स्पीकर, एक लॅपटॉप. गेल्या काही वर्षांत येणारी पोरं एक शब्द हमखास घेऊन येतात: मिड-साइड इक्यू. कुठल्या तरी व्हिडिओत पाहिलेलं असतं, की साइडचा ट्रेबल वाढवला की गाणं 'रुंद' होतं, 'इंटरनॅशनल' वाटतं. बटण दाबायला दोन सेकंद लागतात. त्या बटणामागे नव्वद वर्षांहून जुना इतिहास आहे. आणि गंमत म्हणजे तो इतिहास वाचत गेलं की त्यात रुंदीपेक्षा जास्त काळजी दिसते ती ज्याच्याकडे एकच स्पीकर आहे त्याची.

आठ आणि चार

आधी गणित. घाबरू नका, पाचवीचं आहे.

स्टिरिओ गाण्यात दोन चॅनल असतात, डावा आणि उजवा. समजा एखाद्या क्षणी डाव्या चॅनलमध्ये ८ आहे आणि उजव्यात ४. दोघांची बेरीज १२, तिचं निम्मं ६. दोघांची वजाबाकी ४, तिचं निम्मं २. या ६ला म्हणायचं मिड आणि २ला म्हणायचं साइड. आता उलटं करून बघा: ६ अधिक २ म्हणजे ८, ६ वजा २ म्हणजे ४. डावं-उजवं जसंच्या तसं परत मिळालं. काहीच हरवलं नाही, फक्त सांगायची रीत बदलली. आधी आपण 'डावीकडे किती, उजवीकडे किती' असं सांगत होतो. आता 'दोघांत सारखं किती, दोघांत वेगळं किती' असं सांगतो.

इक्यू म्हणजे आवाजातल्या जाड-बारीक पट्ट्या कमी-जास्त करणं. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. साधा इक्यू डाव्या-उजव्या दोन्ही चॅनलवर सारखाच चालतो. मिड-साइड इक्यू आधी वरची बेरीज-वजाबाकी करतो, मग मिडवर एक इक्यू आणि साइडवर दुसरा लावतो, आणि शेवटी पुन्हा डावं-उजवं करून देतो.

याचा उपयोग खरंच मोठा आहे. गाणाऱ्याचे शब्द वाद्यांत बुडत असतील तर फक्त मिडमध्ये २,००० ते ४,००० हर्ट्झची पट्टी किंचित वर करता येते; बाजूची व्हायोलिनं कर्कश होत नाहीत. साइडमधला १०० हर्ट्झच्या खालचा गाळ काढून टाकला की बास मधोमध घट्ट बसतो. साइडमध्ये १०,००० हर्ट्झच्या आसपास थोडी वाढ केली की कोरस आणि झांजा मोकळा श्वास घेतात. हे सगळं तयार झालेल्या दोन चॅनलच्या फाइलवरसुद्धा करता येतं, प्रत्येक वाद्य वेगळं हातात नसलं तरी.

पण एक गोष्ट व्हिडिओत कमी सांगतात. मिड म्हणजे 'मधलं वाद्य' नव्हे. पूर्ण डावीकडे ठेवलेली ढोलकी घ्या: डावीकडे ८, उजवीकडे शून्य. मिड ४, साइडही ४. म्हणजे ढोलकी निम्मी मिडमध्ये आहे आणि निम्मी साइडमध्ये. आता तुम्ही साइडचा ट्रेबल पूर्ण कापला, तर त्या पट्टीत उरेल फक्त मिडचा ४, म्हणजे डावीकडे ४ आणि उजवीकडेही ४. ढोलकीचं अंग डावीकडेच राहिलं आणि तिच्या थापेची धार मात्र मधोमध सरकली. म्हणून या इक्यूला हलका हात लागतो.

आता मुद्द्याचं. पुन्हा आपले ८ आणि ४. साइड दुप्पट करा, २ चे ४. डावा झाला १०, उजवा झाला २. हेडफोनवर गाणं पसरलं. पण एकच स्पीकर असलेल्या माणसाला दोघांची निम्मी बेरीज ऐकू येते. १० आणि २ची निम्मी बेरीज किती? सहा. आधी किती होती? सहाच. साइडमध्ये तुम्ही कितीही उलथापालथ करा, एका स्पीकरवाल्याला त्यातलं काहीही पोचत नाही. वाढवलेलं पोचत नाही, तसंच जे फक्त साइडमध्येच ठेवलंय तेही पोचत नाही. डावीकडे ५ आणि उजवीकडे उणे ५ असा आवाज असेल, तर त्याची बेरीज शून्य. हेडफोनवर तो भव्य वाटतो. भोंग्यावर तो नसतो.

सिनेमातला नट आणि भलतीकडचा आवाज

हे गणित आवाजाच्या कामाला जुंपलं ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज इंजिनिअरने. जन्म १९०३, लंडनचा. १९२९मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत लागला. १९३१मध्ये ही कंपनी आणि 'एचएमव्ही'वाली ग्रामोफोन कंपनी एकत्र येऊन ईएमआय तयार झाली. बोलपट नुकते आले होते. बायकोबरोबर सिनेमा बघताना ब्लुमलाइनला खटकलं की नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडूनच येतोय. आवाज नटाच्या मागे चालला पाहिजे आणि ते कसं करायचं हे मला माहीत आहे, असं तो तिला म्हणाला, अशी आठवण सांगतात.

१४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटचा अर्ज दाखल केला. १९३३मध्ये मंजूर झालेल्या या ३९४३२५ क्रमांकाच्या पेटंटात ७० दावे आहेत. त्या काळी 'स्टिरिओ' हा शब्द रुळला नव्हता, तो त्याला 'बायनॉरल' म्हणायचा. एकमेकांशी काटकोनात ठेवलेले दोन मायक्रोफोन, एकाच खाचेत दोन चॅनल कोरायची पद्धत, आणि बेरीज-वजाबाकी, हे सगळं त्यात आहे.

यातली बेरीज-वजाबाकी बघण्यासारखी आहे. जवळजवळ ठेवलेल्या दोन मायक्रोफोनमध्ये खर्जाच्या आवाजाचा फरक फार कमी असतो, त्यामुळे तो कुठून आला ते स्पीकरवर नीट कळत नाही. ब्लुमलाइनने दोन्हींची बेरीज आणि वजाबाकी वेगळी काढली, वजाबाकीतला खर्ज वाढवला, आणि पुन्हा डावं-उजवं केलं. याला त्याने 'शफलिंग' म्हटलं. म्हणजे फक्त साइडवर लावलेला इक्यू. आज प्लगइनमध्ये आपण जे करतो, ते त्याने तारा आणि ट्रान्सफॉर्मर जोडून केलं होतं.

जानेवारी १९३४मध्ये लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत सर टॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचं असं रेकॉर्डिंग झालं. १९३५मध्ये हेज स्टेशनवरून जाणाऱ्या रेल्वेगाड्यांची एक छोटी चाचणी फिल्म बनली; गाडी पडद्यावर जिकडे जाते तिकडे तिचा आवाज जातो. पण मंदीचे दिवस होते, कंपनीला यात धंदा दिसला नाही. ब्लुमलाइन टेलिव्हिजनकडे वळला आणि मग युद्ध आलं. ७ जून १९४२ रोजी विमानातल्या रडारची चाचणी चालू असताना हॅलिफॅक्स विमान कोसळलं आणि आतले अकराही जण गेले. ब्लुमलाइन तेव्हा ३८ वर्षांचा होता. त्याचं स्टिरिओ बाजारात आलेलं त्याने पाहिलं नाही.

खाच, फीत, लहर

ब्लुमलाइनची खाच बाजारात यायला १९५७-५८ उजाडलं. इथे कंपन्यांपुढे एक व्यवहारी प्रश्न होता. घरोघरी जे ग्रामोफोन होते ते सगळे मोनो. स्टिरिओ रेकॉर्ड त्यांच्यावर वाजली नाही तर विकत कोण घेणार? उत्तर ब्लुमलाइनच्या पेटंटातच होतं. खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांवर तिरक्या, एका भिंतीवर डावा चॅनल, दुसरीवर उजवा. अशा खाचेत सुई आडवी हलते ती बेरजेने, आणि वर-खाली हलते ती वजाबाकीने. मोनो रेकॉर्डची सुई आडवीच हलायची. त्यामुळे मोनो यंत्रणेला स्टिरिओ रेकॉर्डमधून आपोआप मिड मिळायचा. गाणं पूर्ण, फक्त पसारा नाही.

यातून मिड-साइडचं काम रेकॉर्ड कापणाऱ्या कारागिरांच्या हाती गेलं. साइडमध्ये खर्ज जास्त झाला तर खाच मध्येच उथळ व्हायची नाहीतर फार खोल जायची, आणि घरी सुई उडायची. म्हणून ते ठरावीक पट्टीखालचा साइड कापून बास मधोमध आणायचे. ब्लुमलाइनने साइडचा खर्ज वाढवला होता. त्याच्याच खाचेने पुढच्यांना तो कमी करायला लावला. १९५०च्या दशकाच्या शेवटी आलेल्या फेअरचाइल्ड ६७० या प्रसिद्ध कंप्रेसरवर तर डावं-उजवं आणि आडवं-उभं असे दोन्ही पर्याय आहेत. त्यातला आडवं-उभं म्हणजे आपलं मिड-साइड. त्याच दशकात डॅनिश रेडिओचे होल्गर लाउरिड्सेन यांनी एक मायक्रोफोन समोर आणि दुसरा आडवा ठेवून थेट मिड आणि साइडच रेकॉर्ड करायची पद्धत रुळवली. रेडिओवाल्यांना ती आवडली, कारण मोनो ऐकणाऱ्याला समोरच्या मायक्रोफोनचा स्वच्छ आवाज जसाच्या तसा मिळायचा.

पुढे प्रत्येक नव्या माध्यमाने हीच युक्ती आपापल्या पद्धतीने केली.

अमेरिकेत १९६१मध्ये एफएम स्टिरिओला परवानगी मिळाली. मुख्य लहरीवर बेरीज. वजाबाकी ३८,००० हर्ट्झच्या वेगळ्या लहरीवर बसवलेली, आणि ती ओळखायला १९,००० हर्ट्झचा एक बारीक खुणेचा सूर. जुन्या रेडिओला वरचं काही कळत नाही, तो बेरीज वाजवतो आणि गाणं पूर्ण देतो. स्टेशन लांब असलं की आधी खरखरते ती वजाबाकी. म्हणून सिग्नल कमजोर झाला की चांगले रेडिओ स्वतःहून मोनोवर येतात.

सगळ्यात सुंदर युक्ती कॅसेटची. फिलिप्सने १९६३मध्ये कॅसेट आणली ती मोनो. फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, त्यात एका बाजूच्या गाण्यांना दीड मिलिमीटरचा पट्टा. स्टिरिओ आलं तेव्हा त्याच दीड मिलिमीटरमध्ये ०.६चा डावा, ०.३ची मोकळी जागा आणि ०.६चा उजवा असे शेजारी शेजारी बसवले. मोनो टेपचं हेड दीड मिलिमीटरचंच. ते दोन्ही पट्टे एकदम वाचायचं आणि बेरीज होऊन जायची. ना सर्किट, ना बटण. लोखंडाचा एक तुकडा फितीवर टेकायचा आणि मिड काढून द्यायचा.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात कॅसेटचं पीक आलं, टी-सिरीजने भाव पाडले, आणि पहिल्यांदाच गावागावात लोकांच्या मालकीचं संगीत पोचलं. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज याच फितीवरून वाड्या-वस्त्यांवर गेले. त्यातले कितीतरी टेप एका स्पीकरचे होते. ऐकणाऱ्याला कधी कळलंही नाही की कॅसेटवर दोन चॅनल आहेत. कळायची गरज पडू नये अशीच ती बनवली होती.

एमपी-थ्रीमध्येही तेच. 'जॉइंट स्टिरिओ' नावाच्या पर्यायात एन्कोडर डाव्या-उजव्याऐवजी मिड-साइड साठवतो, कारण बहुतेक गाण्यांत साइड लहान असते आणि जागा वाचते. जागा फारच कमी असली की आधी साइड भरडली जाते. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घेण्याच्या दिवसांतली गाणी आठवा. झांजांचा आवाज पाण्यात बुडवल्यासारखा यायचा, पण गाणाऱ्याचे शब्द कळायचे.

खाच, फीत, लहर, फाइल. प्रत्येक ठिकाणी कंपन्यांनी आपला माल खपावा म्हणूनच हे केलं, यात कुणाची दया नव्हती. पण त्यातून एक करार तयार झाला: मधलं सगळ्यांना, बाजूचं ज्याला परवडेल त्याला.

मधोमधच सगळं

आपल्याकडे तर बराच काळ बाजू नव्हतीच. ब्लुमलाइनच्याच ईएमआयची भारतातली शाखा कोलकात्याजवळच्या दमदमला रेकॉर्ड छापायची. तरी साठच्या दशकापर्यंतचं आपलं बहुतेक भावगीत आणि चित्रपटगीत मोनोच आहे. याची परीक्षा घरी घेता येते. 'व्होकल कट'चं बटण डाव्यातून उजवा वजा करतं. मधोमध असलेला गायक त्यामुळे पुसला जातो आणि वाद्यं उरतात. कराओकेवाल्यांचा हा जुना उद्योग. हेच बटण मोनो काळातल्या एखाद्या जुन्या गाण्यावर दाबा. डावं आणि उजवं एकच असल्यामुळे वजाबाकी शून्य येते. गायक जातो, तबला जातो, सगळंच जातं.

सिनेमातही तसंच. परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई ध्वनिमिश्रण करत. 'शोले' त्यांच्या हातचा, सत्यजित राय यांचा 'शतरंज के खिलाडी'ही. १९७५चा 'शोले' ७० एमएमच्या मोजक्या थिएटरांत अनेक चॅनलच्या स्टिरिओत वाजला, आणि नाणं पडल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली बघायचे असा किस्सा सांगतात. पण लहान गावांतल्या टॉकीजमध्ये लागायची ती ३५ एमएमची प्रिंट, मोनो साउंडट्रॅकची. गब्बर तिथेही तेवढाच भीतीदायक होता. जवळचं काय, लांबचं काय, कोण महत्त्वाचं आणि कोण पार्श्वभूमीला, हे सगळं त्या पिढीने एका रेषेत मांडलं: आवाजाची उंची, त्याचा पोत, त्याभोवतीचा घुमारा आणि योग्य जागी सोडलेली शांतता वापरून. मला वाटतं, मिडमध्ये काय काय मावतं हे शिकायचं तर त्या मिश्रणांकडे जावं.

बाया कुठं गेल्या?

आता वाशीम. हा जिल्हा १९९८मध्ये अकोल्यातून वेगळा झाला, पण गाव जुनं. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न वत्सगुल्मातच लागतं. प्राकृतात वैदर्भी शैलीला 'वच्छोमी' म्हणत, ते नाव या गावावरून. या शैलीचं मोठं कौतुक कशाचं, तर प्रसादगुणाचं: ऐकताक्षणी अर्थ पोचला पाहिजे.

याच जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, सेवालाल महाराजांच्या समाधीचं ठिकाण, बंजारा समाजाची काशी. रामनवमीला इथे देशभरातून लोक येतात. ऑक्टोबर २०२४मध्ये इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. लोक त्याला 'नंगारा' या वाद्याच्या नावानेच ओळखतात. होळीला तांड्यातांड्यांवर लेंगी गातात. नंगारा, काशाची थाळी, पुरुषांची ओळ आणि बायांची ओळ.

अशीच एक लेंगी माझ्याकडे आली. मोठ्या शहरातल्या एका स्टुडिओत मिक्स झालेली, पैसेही बरेच मोजलेले. घेऊन आलेला पोरगा म्हणाला, "भौ, हेडफोनात मस्त वाजते. पण तांड्यात भोंग्यावर लावली, तं बायाच गायब!"

मी आधी फक्त मिड ऐकला. पुरुषाचा आवाज, नंगारा, आणि बायांच्या जागी एक पोकळ घुमारा. मग फक्त साइड ऐकली. सगळ्या बाया तिथे होत्या, खणखणीत. कोरस भव्य वाटावा म्हणून त्याची एक प्रत डावीकडे आणि तीच उलटी करून उजवीकडे ठेवलेली होती. ५ आणि उणे ५. मिडमध्ये त्यांची बेरीज शून्य.

इथे मिडचा इक्यू काही करू शकत नाही. शून्याला कितीही वाढवा, शून्यच. खरा उपाय म्हणजे मूळ वेगवेगळे ट्रॅक घेऊन पुन्हा मिक्स करणं. ते कुणाकडे उरले नव्हते. बायांना पुन्हा गोळा करायचं, तर त्यातल्या निम्म्या ऊसतोडीला गेलेल्या.

मग एक मधला मार्ग काढला. साइड वेगळी काढली, तिच्यातली फक्त गळ्याची पट्टी ठेवली, साधारण ३०० ते ४,००० हर्ट्झ, आणि ती निम्म्या ताकदीने मिडमध्ये मिसळली. हिशोब असा: कोरस साइडमध्ये ५ होता, मिडमध्ये शून्य. आता मिडमध्ये अडीच झाला. डावीकडे अडीच अधिक पाच म्हणजे साडेसात, उजवीकडे अडीच वजा पाच म्हणजे उणे अडीच. भोंग्यावर, म्हणजे निम्म्या बेरजेत, अडीच. शून्याच्या जागी अडीच. नंगाऱ्याचा साइडमध्ये सांडलेला खर्ज कापला. भोंग्यावर तसाही खर्ज जवळजवळ वाजत नाही, म्हणून नंगाऱ्यावर काडी पडल्याचा जो 'टक्' असतो, तो मिडमध्ये थोडा वर घेतला.

याची किंमत होती. हेडफोनवर बाया आता डावीकडे झुकल्या. पोराच्या लगेच लक्षात आलं. तो म्हणाला, "अगोदर चहूकडून येत होत्या, आता एका अंगाला सरकल्या." मी म्हटलं, "हो. दोन्ही मिळणार नाही, तू सांग." त्याने फोनच्या स्पीकरवर दोन्ही फायली तीन-चार वेळा आलटून-पालटून लावल्या. मग म्हणाला, "याडीचा आवाज आहे त्यात. तिच्यापाशी हेडफोन नाही." त्याने झुकलेली फाइल नेली.

याडी म्हणजे आई.

एक कान

ही गोष्ट एका तांड्याची नाही. आजूबाजूला बघा. स्वस्त फोनला खाली एकच स्पीकर असतो. बाजारातले छोटे ब्लूटूथ स्पीकर बरेचसे मोनो. मिरवणुकीतला डीजे सहसा मोनोच जोडतात, आणि ते शहाणपणाचंच आहे, नाहीतर रस्त्याच्या डाव्या अंगाला नाचणाऱ्यांना अर्धंच गाणं मिळेल. देवळाचा भोंगा, ऑटोतला स्पीकर, शाळेच्या स्नेहसंमेलनातला एकुलता एक बॉक्स, एकच इअरबड कानात घालून गाडी चालवणारा माणूस. आणि सुरुवातीला जे 'मोनो ऑडिओ' बटण तुम्ही दाबलंत ते मुळात आहे कुणासाठी? ज्यांना एकाच कानाने ऐकू येतं त्यांच्यासाठी. त्यांच्याकडे हजारो रुपयांचे हेडफोन असले तरी त्यांना बेरीजच मिळते.

रेकॉर्ड, फीत आणि रेडिओच्या काळात हा करार यंत्रात कोरलेला होता. साइडमध्ये भलतं काही केलं तर सुई उडायची, रेकॉर्ड परत यायची. आज सुई नाही. प्लगइन काहीही करू देतं, फाइल मुकाट्याने सगळं साठवते. जे काम खाचेचा आकार करत होता ते आता मिक्स करणाऱ्याने करायचं आहे. कोण मिडमध्ये बसणार आणि कोण साइडला, हे ठरवताना आपण कुणाचा आवाज सगळ्यांपर्यंत जाणार आणि कुणाचा फक्त काहींपर्यंत, हेही ठरवत असतो. कोरसमध्ये बहुधा बाया असतात, वस्तीतली पोरं असतात, ज्यांचं नाव गाण्याखाली येत नाही ती माणसं असतात. आणि 'रुंद' करायला सगळ्यात सोपा तोच भाग असतो.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी मिड-साइड इक्यू शिकवतो, हौसेने शिकवतो. फार उपयोगाचं हत्यार आहे. फक्त क्रम ठरलेला आहे. साइड पूर्ण बंद करायची आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत अख्खं गाणं फोनच्या स्पीकरवर ऐकायचं. जितके जण गायले तितके मोजायचे. सगळे भरले की मग साइड उघडायची आणि हवं तेवढं रुंद करायचं.